दोन सड, तीन कोकरं

डिसेंबर २०२३ मधली पहाट. साडेचारला आप्पांचा फोन आला तेव्हाच ओळखलं, खांडात, म्हणजे मेंढरांच्या कळपात, काहीतरी बिनसलंय. "चांदी याली. तीन हाईत," एवढंच बोलले. आवाजात आनंद नव्हता. मेंढीला सड दोनच असतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. निपाणी आणि चिक्कोडीच्या मधल्या माळावर त्यांचं खांड असतं. मी दूध संस्थेत काम करते, गाई-म्हशींच्या नोंदी ठेवणं हा रोजचाच धंदा, म्हणून मेंढरांची वहीही २०१९ पासून माझ्याकडे आली. हे सगळं त्या वहीवरून लिहितेय. एका खांडाचा, एका हंगामाचा हिशेब आहे, तेवढ्याच बेतानं वाचावा.

खांडात त्या वेळी ४६ माद्या होत्या. त्यातल्या ३१ साध्या दख्खनी, १५ फलटणच्या रक्ताच्या, म्हणजे तिथून आणलेल्या मेंढ्याच्या वंशातल्या. पावसाळ्यात खांड घरच्या माळावर, दसऱ्यानंतर लोकांच्या शेतात लेंडीखतासाठी बसतं. सोयाबीन निघालेली रानं, मग शाळूच्या बांधाकडेचं गवत, ऊसतोड सुरू झाली की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. बरोबर दोन घोडी आणि सहा शेळ्या. शेळ्या कशाला, ते पुढे येईल.

दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. शिकलेले लोक याला तिचा कमीपणा म्हणतात, मला ते पटत नाही. चालत्या बिऱ्हाडात ओलं कोकरू घोड्यावरच्या जाळीत घालून न्यावं लागतं. घोड्यावर जागा किती, आणि सात-आठ किलोमीटर चालून आलेल्या मेंढीच्या कासेत दूध किती? पिढ्यान्‌पिढ्या ज्या मेंढ्या एकच देऊन ते नीट जगवत आल्या त्यांचंच खांड वाढलं. आता मात्र गायरानं आक्रसली, पोरं शाळेत गेली, बिऱ्हाड वर्षातले आठ महिने एकाच जागी असतं. म्हणून आप्पांना जुळ्यांचा मोह पडला, आणि तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

२०१९ च्या जूनमध्ये, महापुराच्या दोन महिने आधी, त्यांनी एक मेंढा आणला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेल्या 'नारी सुवर्णा' जातीचा, रक्त तपासलेला. या जातीमागची गोष्ट मजेची आहे. सुंदरबनात गारोल नावाची इवलीशी मेंढी असते, तिला सर्रास जुळी-तिळी होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालमधून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या, आणि तिकडच्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत जुळ्यांचा जो गुण दिसतो तो त्यांच्याकडूनच आला असं मानतात. २००१ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, त्याला फेक-बी म्हणतात. फलटणला १९९० च्या दशकापासून गारोलचं हेच रक्त दख्खनी मेंढीत उतरवायचं काम झालं. अंग दख्खनीचं, अंडाशय गारोलचं, अशी ती कल्पना.

मेंढा आला आणि पहिल्या वर्षी एकही जुळं झालं नाही. आप्पांना वाटलं, फसवलं. खरं तर इथंच आपल्याकडे सगळ्यांची गल्लत होते. एका वेळी किती बीजं सुटणार हे मेंढीचं अंडाशय ठरवतं. मेंढा कितीही जुळ्याच्या वंशाचा असो, साध्या मेंढीला त्याच्यापासून एकच कोकरू होणार. त्याचा गुण त्याच्या लेकींत दिसतो, म्हणजे दोन-अडीच वर्षांनी. मेंढा विकणाऱ्यानं हे सांगितलं होतं, आप्पांनी ऐकलं नव्हतं एवढंच.

मग २०२१ च्या हिवाळ्यात त्या लेकी व्यायल्या आणि पाच जुळी झाली. काकूनं बिरदेवाला नारळ फोडला.

पण त्याआधीच एक चूक होऊन बसली होती. तो मेंढा २०२० मध्ये आंत्रविषार या आतड्यांच्या रोगानं गेला. नवा आणायचा तर पैसे, आणि घरचाच एक तगडा मेंढा तयार, त्याचाच मुलगा. आप्पांनी २०२१ च्या पावसाळ्यात तोच सगळ्या खांडावर सोडला, सावत्र बहिणींवरसुद्धा. प्रत्येक जनावराच्या अंगात या जनुकाच्या दोन जागा असतात, एक आईकडची, एक बापाकडची. विकत आणलेल्या मेंढ्याच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या, म्हणून त्याच्या प्रत्येक पिल्लाला एक प्रत मिळालीच. एक प्रतवाला मेंढा एक प्रतवालीवर गेला की चार कोकरांत साधारण एकाला काहीच नाही, दोघांना एक, आणि एकाला दोन्ही. दोन्ही प्रती असलेल्या मेंढीची बीजं आणखी जास्त सुटतात. बुरूला मेरिनोत एका प्रतीनं दीडेक बीज वाढतं, दोन प्रतींनी तीनेक. शिवाय जवळच्या नात्यातला संकर झाला की कोकरं मुळातच लुकडी निपजतात, ते वेगळंच. चांदी ही त्या २०२१ च्या संकरातली. तिचं पहिलंच वेत, आणि तीन.

२०२३ साल आमच्या भागात कुणी विसरणार नाही. पाऊस जूनअखेरीस आला आणि आला तसा गेला. सरकारनं सप्टेंबरात तालुकेच्या तालुके दुष्काळी जाहीर केले. तरी पहिल्या पावसाचं कोवळं गवत माळावर दहा-पंधरा दिवस टिकलं, नेमकं मेंढ्या माजावर यायच्या वेळेला. ते गवत पोटात गेलं की बीजं जास्त सुटतात. मुद्दाम खुराक देऊन हेच साधतात, आमच्याकडे ते आभाळानं केलं. म्हणजे मेंढ्या जुळ्यांनी फळल्या, आणि पुढं त्या पोसायला रानात काही उरलं नाही.

मेंढी पाच महिन्यांना दोन-चार दिवस कमी असताना विते. पोटातलं कोकरू शेवटच्या दीड महिन्यात आपल्या वजनाचा सत्तर टक्के भाग कमावतं. एक कोकरू असेल तर शेवटच्या महिन्यात मेंढीला एरवीच्या दीडपट ऊर्जा लागते, दोन असतील तर जवळजवळ दुप्पट. आणि त्याच वेळी कोकरांनी पोट भरलेलं असल्यानं चाऱ्याला जागा कमी. सुका शाळूचा कडबा कितीही टाका, तिला तो खाववत नाही. अजून एक गोष्ट मला डॉक्टरांनी समजावली. मेंढीच्या गर्भाशयात आतून सत्तर ते शंभर बटणं असतात, वार त्यांना चिकटते आणि तिथूनच कोकराला पोषण मिळतं. ही बटणं कोकरांगणिक वाढत नाहीत. दोन असतील तर वाटून घ्यायची, तीन असतील तर तिघांत. म्हणून जुळ्यांतलं प्रत्येक कोकरू एकट्यापेक्षा हलकं, तिळ्यांतलं त्याहून हलकं. आमच्या वहीत एकेरी कोकरं तीन किलोच्या आसपास, जुळी सव्वादोन ते अडीच, तिळी दोनच्या खालीच.

नोव्हेंबरच्या शेवटी भुरी नावाची गाभण मेंढी बसली. दोन दिवस ती खांडाच्या मागं रेंगाळत होती, पेंड हुंगून सोडत होती. तिसऱ्या दिवशी दात खायला लागली, मान वर करून आभाळाकडं बघत राहायची, समोर कुणी गेलं तरी पापणी हलत नव्हती. तोंडाला गोडसर, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास. आप्पांना वाटलं विंचू-काटा. काकू गुळाचं पाणी पाजत होती.

सरकारी डॉक्टर धारवाडकडचे. मराठी समजतं, बोलायला संकोचतात. त्यांनी भुरीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "अवळी," म्हणजे कन्नडात जुळी. आप्पा हसले, कारण आमच्याकडंही जुळ्या पोरांना आवळीजावळीच म्हणतात. एवढं एकच हसू त्या दिवशी. रोग होता गाभण मेंढीच्या रक्तातली साखर संपण्याचा. कोकरं साखर ओढतात, चाऱ्यातून ती येत नाही, मग मेंढी अंगातली चरबी जाळते, आणि त्या जळण्यातून जे विषारी द्रव्य रक्तात साठतं त्यानं ती आंधळ्यासारखी होऊन बसते. जुळी-तिळी पोटात असलेल्यांनाच हा बहुतेक होतो. गुळाचं म्हणाल तर, तो पोटात गेला की पोटातले जंतूच त्यावर ताव मारतात, रक्तात साखर म्हणून फार थोडा पोचतो. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, तोंडातून पाजायला प्रॉपिलीन ग्लायकॉल दिलं. सहाव्या दिवशी ती वेळेआधीच व्याली. एक मेलेलं, एक जिवंत. भुरी वाचली, पण कासेला पान्हा नव्हता.

त्या हंगामात ४४ मेंढ्या व्यायल्या. दख्खनीतल्या ३० जणींपैकी २९ ना एकेक, एकीला चक्क जुळं. फलटणच्या रक्ताच्या १४ जणींपैकी सहांना एकेक, सहांना जुळी, दोघींना तिळी. एकूण ५५ कोकरं.

जुळ्यांचा जीव कुठं अडकतो हे त्या दोन आठवड्यांत मी डोळ्यांनी बघितलं: पहिल्या रात्री. हलक्या कोकराच्या अंगात ऊब धरायला चरबी कमी, आणि वजनाच्या मानानं कातडी जास्त, त्यामुळं ओल्या अंगानं ते लगेच गारठतं. डिसेंबरातला माळावरचा वारा तुम्हाला माहीत असेल. शिवाय पहिलं कोकरू चाटता चाटता मेंढी दुसऱ्यासाठी बाजूला सरकते, आणि पहिलं तिथंच राहतं. एक जोडीतलं आम्ही असंच घालवलं, सकाळी वाघरीच्या, म्हणजे खांडाभोवतीच्या जाळीच्या, कडेला सापडलं. मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातूनच येते. आणि कोकराचं आतडं ती पहिल्या दिवसातच शोषू शकतं, पुढं दार बंद. दर किलो वजनाला पन्नास मिलिलिटर चीक, पहिल्या दोन तासांत, आणि असं दिवसभरात चार वेळा, हा हिशेब मी काकूला बाटलीवर खूण करून दिला. दोन किलोचं कोकरू म्हणजे एका वेळी शंभर मिलिलिटर. गारठलेल्याच्या तोंडात मात्र आधी चीक ओतायचा नाही. आधी कोरडं करून, पोत्यात गुंडाळून, चुलीजवळ ठेवायचं, जीभ गरम लागली की मग. काकूला हे माझ्याहून आधी माहीत होतं, तिच्याकडं फक्त मापं नव्हती.

चांदीची तीन: मादी एक किलो नऊशे, नर एक किलो सहाशे, आणि तिसरा नर एक किलो दोनशे. तिसरा रात्रीतच गेला. दोन वर्षांची पोर ती, स्वतःच अजून वाढतेय, दोन सडांत मिळून एकाला पुरेल एवढं दूध. आप्पा म्हणाले, "ह्याला शेळीला लाव." खांडात शेळ्या असतात त्या यासाठीच. घरच्या चहाला दूध आणि आई नसलेल्या कोकराला आई. एक शेळी आठ दिवसांपूर्वीच व्याली होती, सहाशेवाल्याला काकूनं तिच्याखाली सोडलं. शेळीचं दूध मेंढीच्या मानानं पातळ, मेंढीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट तर शेळीच्यात चारच्या आसपास. कोकरू जगतं, पण गुबगुबीत होत नाही.

दुसरी तिळीवाली वेगळीच निघाली. तिचं एक मेलेलंच आलं, एक नवव्या दिवशी न्यूमोनियानं गेलं, एक राहिलं. दोन गमावून एक. साध्या दख्खनीनं कष्टाशिवाय दिलं असतं तेवढंच.

जुळं पाजणारी मेंढी एकेरीपेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त दूध देते. दोन तोंडं सतत ओढतात, कास रिकामी राहते, दूध वाढतं. पण दुप्पट होत नाही. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोनतृतीयांश. पहिला महिना कोकरू जवळजवळ दुधावरच असतं, त्यामुळं तिथं पडलेला फरक पुढं भरून निघायला वेळ लागतो. एका जुळीवालीला एका सडाला कासदाह झाला आणि तिचं धाकटं कोकरू उपाशीच गेलं. आम्हाला कळलं तेव्हा त्याची पाठ वाळलेल्या शेंगेसारखी झाली होती. हा दोष माझा. रोज कास चाचपायची असं मीच सांगितलं होतं, आणि मीच आठ दिवस फिरकले नाही.

उलट जे दोन एकेरी मेले ते खांडातले सगळ्यात गुबगुबीत. आंत्रविषार. भरपूर दूध पिणाऱ्यालाच तो गाठतो. मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी लस टोचली असती तर चिकातून कोकराला संरक्षण मिळालं असतं. दुष्काळात खांड दूर गेलं आणि लस राहिली.

मार्चमध्ये, तीन महिन्यांची झाल्यावर ताणकाट्याला झोळी बांधून वजनं केली. एकेरी सरासरी चौदा किलो. जुळ्यांतली जी दोन्ही जगली अशा चार जोड्या, त्यांची सरासरी साडेअकरा, म्हणजे एका आईमागं तेवीस किलो. भाऊबहीण गमावलेली मधल्या वजनाची. शेळीवर वाढलेला नऊ. दख्खनीतल्या ३० आयांमागं २९ कोकरं जगली, रक्तवाल्या १४ आयांमागं १८.

आप्पांनी आकडे ऐकले आणि विचारलं, "मग फायदा कुणाला?" प्रश्न खरा होता, कारण व्यापारी काट्यावर घेत नाही. पाठीवर हात फिरवतो, मांडी दाबतो आणि नगावर भाव करतो. साडेअकराच्या दोन कोकरांना मिळून एका चौदावाल्यापेक्षा जास्त मिळाले, दुप्पट मात्र नाही. त्यातून भुरीचं औषध, काकूची झोप, आणि चांदीच्या पाठीवरचं मांस कुणी वजा करायचं? माझं मत असं की जुळं फायद्याचं आहे, पण ज्या मेंढीला शेवटचा दीड महिना आणि पहिला दीड महिना हातचा खुराक मिळतो तिच्यापुरतंच. रोज पाव किलो भरडा धरला तर मेंढीमागं वीस-बावीस किलो मका-पेंड. तेवढी घरात नसेल तर जुळ्याची हाव नको. तिळ्यांचा तर कुठल्याच बाजूनं मेळ बसत नाही.

आयांचं काय झालं ते पुढच्या पावसाळ्यात कळलं. २०२४ चा पाऊस चांगला झाला. तरी जुळी-तिळीवाल्या नऊ जणींपैकी तीन माजावरच आल्या नाहीत, चांदी त्यातली एक. एकेरीवाल्या ३५ पैकी दोनच रिकाम्या राहिल्या. कोकरांनी आईच्या अंगातलं जे नेलं ते ती सहा महिन्यांत परत कमवू शकली नव्हती.

दोन्ही तिळीवाल्यांचं रक्त तपासून घेतलं. चांदीच्या दोन्ही प्रती निघाल्या, ते अपेक्षित होतं. दुसरीची एकच. म्हणजे एका प्रतीवरही तीन होऊ शकतात, चांगल्या गवताच्या पंधरवड्यात तर नक्कीच. मी फार खात्रीनं आप्पांना जनुकाचं गणित समजावलं होतं, थोडी खजील झाले.

घरचा मेंढा विकला. तो वाईट नव्हता, त्याची जोडी चुकली. हाच मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांवर ठेवला असता तर अर्ध्या लेकींना एक प्रत मिळाली असती आणि बात संपली असती. आता रक्तवाल्यांवर बाहेरच्या खांडातला साधा दख्खनी मेंढा सोडतो. सुदैवानं २०२३ लाही आप्पांनी मेव्हण्याचा साधाच मेंढा आणला होता. म्हणून चांदीच्या जगलेल्या मादीच्या अंगात एकच प्रत आहे, आईची. तीनातली सगळ्यात जड जन्मलेली ती, आणि काकूनं ती विकू दिली नाही.

खांडाची बसायची रीत मात्र सगळी बदलता आली नाही. खताचे पैसे सोडवत नाहीत. तडजोड अशी की दसऱ्यानंतर रक्तवाल्या मेंढ्या घरी राहतात, बाकीचं खांड जातं. घरी मागच्या बाजूला बांबूचं कुंपण केलंय, त्यातून फक्त कोकरू शिरेल एवढी फट. आत भरडा आणि भुईमुगाचा पाला. पंधरा दिवसांचं कोकरू तिथं तोंड घालायला लागतं, तेवढाच आईवरचा भार कमी.

वहीत एक रकाना वाढलाय, 'कंबर'. दर पंधरा दिवसांनी आप्पा स्वतः प्रत्येक गाभण मेंढीच्या कंबरेच्या मणक्यावर अंगठा दाबून बघतात, हाडं टोचतात की मांसात बुडतात, आणि एक ते पाच आकडा सांगतात. तीन म्हणजे ठीक. कालची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे: भुरी, अडीच, पोट रुंद, दोन असावीत, खुराक चालू.